श्वासापुरता समुद्र

कोरियाच्या दक्षिणेला जेजू हे ज्वालामुखीतून वर आलेले बेट आहे. त्याच्या ईशान्य किनाऱ्यावर हादो नावाचे मच्छीमारांचे गाव. काळ्या दगडांचे बुटके गडगे, त्यांच्या आड गाजराची शेते आणि समोर समुद्र. शहरातून आलेला पाहुणा आधी म्हणतो, ‘किती शांत आहे!’ तेवढ्यात पाण्यावरून शीळ घातल्यासारखा लांबट आवाज येतो. तळातून वर आलेली एखादी वृद्धा कोंडलेला श्वास सोडत असते.

या बायकांना हेन्यो म्हणतात, म्हणजे समुद्रातल्या स्त्रिया. प्राणवायूची टाकी न घेता दहा मीटरपर्यंत बुडी मारायची, मिनिटभर श्वास रोखून खडकाला चिकटलेले शिंपले आणि शंख काढायचे, वर येऊन जाळीत टाकायचे. जाळी तोलून धरणारा तरंगा पूर्वी वाळलेल्या भोपळ्याचा असे. दिवसाचे सहा-सात तास हे काम चालू शकते. या निमूट सोसणाऱ्या बायका नव्हेत. १९३२च्या जानेवारीत याच परिसरातील हेन्योंनी जपानी राजवटीतील पिळवणुकीविरुद्ध मोर्चे काढले होते.

१९७०च्या दशकात त्यांच्यात रबरी पोशाख रूढ झाला. टाकी मात्र आली नाही. लहान शिंपला सोडून द्यायचा, विणीच्या काळात हात लावायचा नाही, केव्हा आणि कुठे उतरायचे हे गावच्या मच्छीमार संघटनेने ठरवायचे. काही गावांत किनाऱ्यालगतचा उथळ पट्टा ‘आजीचा समुद्र’ म्हणून राखलेला असतो. थकलेल्या बायकांनी तिथे उतरावे, धडधाकट बाईने खोल पाण्यात जावे. पूर्वी काही गावांनी एखाद्या पट्ट्याचे उत्पन्न शाळेसाठी दिले होते.

नवशिकीला वडीलधाऱ्या बायका एकच गोष्ट बजावतात. वर येण्याची वेळ झाली असताना मोठा शिंपला दिसला, तर तो राहू द्यावा. त्याच्यासाठी हात लांबवणारीच्या नाकातोंडात पाणी जाते आणि ती परत येत नाही.

आता प्रश्न असा, की जे घेण्याची ताकद आपल्यात आहे ते सोडून देणे हा सद्गुण म्हणावा की नाइलाज? यावर शंका घेणाऱ्याचे म्हणणे सहज उडवून लावता येत नाही. तो म्हणेल, गरिबीने या बायकांना पाण्यात ढकलले. त्यांनी पोटाला चिमटा काढून मुलींना शिकवले ते त्यांना बुडी मारावी लागू नये म्हणूनच. १९६०च्या दशकात हेन्योंची संख्या वीस हजारांच्या वर होती. आज ती तीन हजारांहूनही कमी आहे आणि त्यांतल्या बहुतेकींनी साठी ओलांडली आहे. २०१६ साली युनेस्कोने ही परंपरा मानवी वारशाच्या यादीत घेतली. पण कौतुकाने गुडघेदुखी थांबत नाही. शिवाय समुद्र तापतो आहे, खडकांवरचे शेवाळ नाहीसे होऊन ते पांढरे पडत आहेत. ज्यांनी मोजून घेतले त्यांच्या वाट्यालाही तोच उजाड तळ यायचा असेल, तर संयम पाळून मिळवले काय?

हे सगळे मान्य केले तरी एक गोष्ट शिल्लक उरते. धडधाकट बाई उथळ पाणी ओलांडून पुढे जाते, तेव्हा ती केवळ पुढच्या पिढीसाठी समुद्र राखत नसते. त्याच दिवशी, त्याच भरतीओहोटीत, ऐंशी वर्षांच्या शेजारणीची जाळी रिकामी राहू नये याची ती तजवीज करते. तो समुद्र उद्या राहील की नाही, यावर आजचे हे कृत्य अवलंबून नाही. नाइलाजाने पत्करलेला नियमही अशा रीतीने माणुसकीचा होऊ शकतो. दुबळ्याला त्याचा वाटा दया म्हणून नव्हे, हक्क म्हणून मिळतो. त्याला मागावे लागत नाही आणि देणाऱ्यालाही आपण काही दिले असे वाटत नाही.

हादोच्या किनाऱ्यावर उभ्या राहिलेल्या पाहुण्याने शांततेचे कौतुक जरूर करावे. पण त्या शांततेत तरुण मुली निघून गेल्याचे रितेपणही आहे, हे त्याने विसरू नये. आणि परत जाताना स्वतःला विचारावे, की आपल्या रोजच्या व्यवहारात, दुकानात, कचेरीत, घराच्या वाटणीत असा उथळ पट्टा कोणता, जिथे आपला हात सहज पोचतो आणि तरीही तो दुसऱ्या कुणासाठी सोडायला हवा?