पगारी माया

स्त्रीच्या मृत्यूनंतर तिच्यासाठी वापरावयाची विशेषणे आपल्याकडे जणू ठरलेली आहेत. त्यागमूर्ती, सेवाभावी, वात्सल्यसिंधू. माझ्या आईच्या शोकसभेत ही तिन्ही आली. मिरजेतील एका खाजगी शुश्रूषागृहात तिने तीस वर्षे आयाचे काम केले. आयासाठी शोकसभा घ्यावी असे तेथील मंडळींना वाटले, ही गोष्ट लहान नव्हे. प्रमुख डॉक्टर भरल्या कंठाने म्हणाले, "मावशींनी कधी काही मागितले नाही." उपस्थितांनी माना डोलावल्या. मला मात्र हे वाक्य स्तुती म्हणून स्वीकारता आले नाही. ती मागत असे. दर दोन-तीन वर्षांनी पगारवाढ मागत असे, आणि तिच्या प्रेमळ स्वभावाचाच दाखला देऊन ती मागणी हसण्यावारी नेली जात असे. एखाद्याकडून जे घेतले गेले ते त्याने आपण होऊन दिले, असे म्हणण्याची सोय 'त्याग' हा शब्द करून देतो. मग मृताचे स्मरण करणाऱ्याने आधी काय पाळावे, गौरव की अचूकपणा? मला वाटते, अचूकपणा. गौरव करणारे पुष्कळ असतात.

मिरज हे रुग्णालयांचे गाव. विल्यम वानलेस यांच्या मिशन रुग्णालयापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून, दूरदूरचे रुग्ण तेथे येत राहिले. पलीकडून कानडी मुलखातले तर फारच. मोठ्या रुग्णालयाच्या सावलीत लहान लहान शुश्रूषागृहे वाढली. या सर्व ठिकाणी डॉक्टरला 'साहेब' किंवा 'मॅडम', परिचारिकेला 'सिस्टर' आणि आयाला 'मावशी' म्हणतात. 'माय मरो, मावशी जगो' म्हणणाऱ्या भाषेने हे नाते काही उगाच निवडलेले नाही. आजारी माणसाला परक्या हाताची लाज वाटते. मावशी म्हटले की ती लाज निम्मी होते. पण त्याच संबोधनाने एक दुसरे कामही होते. मावशीला नाव लागत नाही, आडनाव लागत नाही, आणि घरच्या माणसाशी पगाराची भाषा करणे अप्रशस्त ठरते. माझ्या आईचे पूर्ण नाव त्या इमारतीत किती जणांना ठाऊक होते, हे मी सांगू शकणार नाही.

वरच्या मजल्यावर बाळंतिणी असत, खाली अंथरुणाला खिळलेले वृद्ध. वृद्धांकडचे काम कष्टाचे. दर दोन तासांनी रुग्णाचे अंग वळवावे लागते, नाहीतर माकडहाड, टाच, खुबा अशा हाडाच्या जागी कातडी दबून जखमा होतात, आणि त्या लवकर भरत नाहीत. अंग वळवणे म्हणजे ओढणे नव्हे. आधी पलीकडचा गुडघा दुमडायचा, मग एक हात खांद्यामागे व एक खुब्यामागे घालून माणसाला आपल्याकडे येऊ द्यायचे. चादरीची एक चुणी राहिली तरी ती रात्रभर खुपते. थंडीत बेडपॅन गरम पाण्याने धुऊन, पुसूनच द्यायचे. हे तिला कोणी वर्गात शिकवले नव्हते. हे कौशल्य होते, आणि आपण त्याला स्वभाव म्हटले. सुताराच्या सफाईला कोणी त्याचा प्रेमळपणा म्हणत नाही.

'शुश्रूषा' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. सेवा हा अर्थ त्यातून आला. मला हा शब्द तिच्या कामाला सर्वांत जवळचा वाटतो. वाचा गेलेल्या रुग्णाला तहान लागली आहे की कूस बदलायची आहे, हे ती त्याच्या श्वासावरून ओळखत असे. कानडी तिला मोडकेच येई. 'नोवु' आणि 'नीरु', वेदना आणि पाणी, एवढ्यावर तिचे बरेच भागे.

आता खरा प्रश्न. पैसे घेऊन केलेली माया ही माया असते काय? आपल्या मनात कुठेतरी अशी समजूत असते की वेतनाने सेवा बाटते. गीतेतील निष्काम कर्म यासाठी नेहमी पुढे केले जाते. गंमत अशी की ते बहुधा पगार देणाऱ्यांच्याच तोंडी ऐकू येते. मला येथे कांट आठवतो. 1785 च्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात त्याने एक माणूस कल्पिला आहे. स्वतःच्या दुःखाने त्याचे मन इतके झाकोळले आहे की परदुःखाने ते हलत नाही. तरी केवळ कर्तव्य म्हणून तो मदतीला उठतो, आणि कांटच्या मते त्याच कृतीला खरे नैतिक मूल्य असते. घरी पोर तापाने फणफणत असताना एका शिवराळ म्हाताऱ्याचे अंग पहाटे तीन वाजता वळवणाऱ्या बाईला हे वर्णन लागू पडते. ती स्वतः म्हणे, "माया सगळ्यांवर कशी बसेल? हात मात्र सगळ्यांना सारखाच लावायचा." तिच्या या म्हणण्यात पगार आड येत नाही. उलट, पगार होता म्हणूनच शिवराळ म्हाताऱ्यालाही तो हात मिळाला.

आणि घरचे तापलेले पोर? त्याच्या कपाळावर पट्टी माझी थोरली बहीण ठेवी. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. अमेरिकन तत्त्वचिंतक इव्हा किटे यांनी 1999 साली हाच प्रश्न मांडला: परावलंबी जिवाची काळजी घेणारी व्यक्ती त्या काळजीमुळेच दुबळी होते, तर तिची काळजी कोणी घ्यायची? किटे यांची मुलगी गंभीर अपंगत्व घेऊन जन्मली होती आणि तिला सांभाळणाऱ्या पगारी स्त्रिया त्यांच्या घरी होत्या, म्हणून त्यांच्या विवेचनाला वजन आहे. आमच्याकडे उत्तर सोपे होते: मुलगी. 1961 च्या प्रसूतिलाभ कायद्याने नोकरदार स्त्रीला 12 आठवड्यांची भरपगारी रजा दिली, 2017 च्या दुरुस्तीने ती पहिल्या दोन अपत्यांपुरती 26 आठवड्यांची झाली. पण मोजक्या माणसांवर चालणाऱ्या आस्थापनांपर्यंत तो कायदा पोहोचत नव्हता. हजारभर बाळंतिणींची उठबस केलेली माझी आई स्वतःच्या बाळंतपणानंतर चाळिसाव्या दिवशी कामावर गेली.

तरी तिला केवळ सोसणारी म्हणून रंगवणे हेही तितकेच खोटे ठरेल. मराठी मनातील आईचे चित्र श्यामच्या आईने इतके व्यापले आहे की भांडणारी, हिशेब ठेवणारी, बक्षिशी घेणारी आई आपल्याला स्मरणयोग्यच वाटत नाही. माझी आई बक्षिशी घेत असे आणि त्यात तिला कमीपणा वाटत नसे. मुलगा झाला की नातेवाईक पेढे वाटत, नोट हातावर ठेवत. मुलगी झाली की बर्फी येई, नाहीतर काहीच नाही, आणि बक्षिशीचे नाव कोणी काढत नसे. अशा वेळी ती न्हाऊ घातलेले बाळ दुपट्यात गुंडाळून आजीपुढे उभी राही आणि स्वच्छ शब्दांत म्हणे, "लक्ष्मी आली. मुलाचे जेवढे देता तेवढेच द्या." काही जण देत, काही तोंड फिरवत. मिळाले तर नोट पदराच्या टोकाला बांधून ती पुढच्या खाटेकडे वळे.