आजींची पट्टी

आमच्या नगरच्या चर्चमध्ये नाताळच्या सकाळी प्रभुभोजन असतं. भाकर आणि द्राक्षरस वाटण्याआधी पाळकसाहेब थांबतात. आधी स्वतःची परीक्षा करा, मगच भाकर खा, असं पौलानं करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 11व्या अध्यायात बजावलंय, त्यासाठीची ही शांतता. मिनिटभराची. मी कीबोर्डवर असतो. गेले तीन नाताळ ते मिनिट मी पुढच्या गीताचं पान शोधण्यात घालवलं. पान आधीच उघडलेलं होतं.

त्याआधी नाताळच्या उपासनेत एक आजी कवी ना. वा. टिळकांचं भजन म्हणायच्या. टाळ त्यांचे स्वतःचे, पितळी. एकाची दोरी तुटली म्हणून निळी नाडी ओवलेली. ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक हातात असायचं, पण उघडलेलं मी कधी पाहिलं नाही. आवाज मात्र चिरकायला लागला होता. त्या मनाला येईल तिथून सूर उचलायच्या आणि मला त्यांच्यामागे पट्टी शोधत धावावं लागायचं. कॉयर माझ्याकडे. एका वर्षी मी म्हणालो, “आजी, यंदा कार्यक्रम फार लांबतोय.” “बरं बाळा,” म्हणाल्या.

भजनाच्या जागी इंग्रजी कॅरोल बसवलं. तरुण मुलं चर्चला धरून राहावीत म्हणून, असं कमिटीत सांगितलं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. पण त्या दिवशी गावातले पाहुणे येतात, मोबाइल वर धरलेले असतात. आपलं चर्च मुंबईच्या एखाद्या मोठ्या चर्चसारखं दिसावं, असं मला वाटत होतं. चर्च कसलं, मीच.

अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं 1831 साली. साहेबाच्या चालींवर मराठी शब्द बेतून आमचे पूर्वज गात. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात, ओवीत आणलं, कीर्तनात उभं केलं. हे मला कुणी शिकवायला नको. 2019 साली टिळकांच्या स्मृतिशताब्दीला मीच यावर भाषण ठोकलं होतं. टाळ्याही पडल्या. आजी पहिल्या रांगेत होत्या.

कॅरोल गायलं याचं मला वाईट वाटत नाही. मुलं जीव ओतून गातात. खुपतं ते दिलेलं कारण. कार्यक्रम लांबत नव्हता. कॅरोल भजनापेक्षा दीड मिनिटानं मोठं होतं. तालमीत घड्याळ लावून मीच मोजलं होतं.

गेल्या नाताळला उपासना संपल्यावर आजींनी वर्तमानपत्रात बांधलेला करंज्यांचा पुडा माझ्या हातात ठेवला. कडेची मुरड हातची, एकसारखी, बारीक. “छान वाजवलंस,” म्हणाल्या. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. मी चेहरा नीट न्याहाळला. टोमणा नव्हता.

काल यंदाच्या कार्यक्रमाचा कागद केला. तिसऱ्या क्रमांकावर टिळकांचं भजन लिहिलं, पुढे आजींचं नाव. बरं वाटलं. चहा घेऊन पुन्हा वाचायला बसलो तेव्हा दिसलं, नावापुढे कंसात माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं : वेळ असल्यास.