योगभ्रष्टाचं घर

मल्लेश्वरमला माझ्या घरी मुलं गाणं शिकायला येतात. एखादं पोर सहाव्या-सातव्या वर्षीच यमनचा तीव्र मध्यम नेमका लावून जातं, आणि त्याचे आईवडील, मग ते कन्नड असोत, तमिळ असोत की आपले मराठी, लगेच म्हणतात, पूर्वजन्मीची पुण्याई, दुसरं काय! मी पुनर्जन्म मानते, म्हणूनच मला हे वाक्य खटकतं. ज्यांना ती नुसती बोलायची रीत वाटते त्यांना खटकायचं कारण नाही.

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन विचारतो, ज्याची साधना अर्ध्यावर सुटली त्याचं पुढे काय होतं? कृष्ण धीर देतो. तो माणूस वाया जात नाही. शुद्ध आचरणाच्या, सुखवस्तू घरी जन्मतो, नाहीतर त्याहून दुर्मिळ म्हणजे योग्यांच्याच कुळात, आणि मागच्या जन्मीची बुद्धी त्याला तिथे परत मिळते. इथवर सगळे आवडीने ऐकतात. त्यापुढे असं आहे की तो पुन्हा प्रयत्नाला लागतो, पहिल्यापेक्षा जास्त. हे मात्र कोणाच्या लक्षात राहत नाही. या माणसाला परंपरा योगभ्रष्ट म्हणते. घसरलेला, काम टाकून गेलेला. तेव्हा जन्मजात गळा हे बक्षीस असेलच असं नाही. मागे राहिलेली बाकीही असू शकेल. आणि बाकी कोणी मखरात बसवत नाही.

बेळगावजवळच्या सुळेभावीचा शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी घ्या. जन्म 1924 चा. इथल्या माझ्या कन्नड शेजाऱ्यांना तो आपला वाटतो, आम्हाला आमचा, आणि पुढे तो जिथे राहिला ते देवासवाले दोघांनाही हसत असतील. घरात गाणं होतं. हा लहानगा ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकून अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या मोठ्या गवयांचं गाणं हुबेहूब गायचा. सातव्या वर्षाच्या सुमारास गुरुकल्मठाच्या स्वामींनी त्याला ‘कुमार गंधर्व’ म्हटलं. मग वडील त्याला घेऊन गावोगावी जलसे करू लागले. 1936 मध्ये मुंबईच्या जिना हॉलमध्ये प्रा. बी. आर. देवधरांनी भरवलेल्या परिषदेत तो गायला आणि भलेभले थक्क झाले.

आता ही पुण्याई कोणाची, ते सांगा. ज्या जागांवर सभा डोलत होती त्या खाँसाहेबांनी याच जन्मात, वर्षानुवर्षं घासून मिळवल्या होत्या. पोराची देणगी होती ती ऐकण्याची आणि धरून ठेवण्याची. ती अचाट होती यात वाद नाही, पण टाळी दुसऱ्याच्या मेहनतीला पडत होती. वाहवा करणाऱ्यांना हे कळत नव्हतं असंही नाही. लहान तोंडातून मोठ्यांचं गाणं बाहेर पडतं याचंच तर नवल होतं. बालगायकाच्या कीर्तीत हा सर्कशीचा अंश नेहमी असतो, आज टीव्हीवरच्या स्पर्धांत तर फारच.

पण मला खरं थक्क करतं ते त्यापुढचं. इतकं नाव झालेला मुलगा देवधरांकडे मुंबईला विद्यार्थी म्हणून राहिला. देवधर पलुस्करांचे शिष्य, पण अनेक घराण्यांच्या गवयांकडून चिजा गोळा करणारे. नक्कल शिकवण्यात त्यांना रस नव्हता. पुढे कुमारांना क्षय झाला. 1948 मध्ये कुमार देवासला गेले आणि काही वर्षं गाणं बंद. पत्नी भानुमतीबाईंनी शाळेत नोकरी करून घर चालवलं, त्यांची शुश्रूषा केली. बिछान्यात पडल्यापडल्या माळव्यातल्या बायकांची गाणी कानावर येत होती. 1953 च्या सुमारास ते पुन्हा गायला उठले तेव्हा एक फुप्फुस निकामी होतं, पण गाणं पहिल्यांदाच संपूर्ण त्यांचं होतं. या उठण्यात पूर्वसंचित किती, भानुमतीबाई किती आणि त्या काळी नुकतंच मिळू लागलेलं क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन किती, हे वाटून दाखवणारा शास्त्री मला अजून भेटलेला नाही.

माझी खरी अडचण वेगळीच आहे. आमच्या भागातल्या गणेशोत्सवात एक कुटुंब गातं. वडील तबल्यावर, आई पेटीवर, दोन मुलं पुढे. चार वर्षांपूर्वी थोरली गायची आणि धाकटा झांजा वाजवायचा. आता धाकट्याचा गळा असा काही खुलला आहे की झांजा थोरलीकडे गेल्या आहेत. ती वाजवते छान, लयीला पक्की आहे. तिचे वडील मला म्हणाले, “बाई, ज्याचं त्याचं संचित.”

माझ्या डोळ्यांसमोर मोत्झार्टची बहीण नानर्ल आली. 1763 पासून तीन-साडेतीन वर्षं त्यांच्या वडिलांनी, लिओपोल्डने, दोन्ही मुलांना युरोपभर फिरवलं. नानर्लही तितकीच वाहवा मिळवत होती. 1769 च्या अखेरीस बापलेक इटलीला निघाले तेव्हा ती घरी राहिली, कारण मुलगी लग्नाची होत आली होती. तिचं संचित अठराव्या वर्षी एकदम संपलं होतं का? कर्मसिद्धांताने सगळ्याचंच उत्तर देता येतं, हाच त्याचा धोका. बापाने घेतलेला निर्णयही त्यात खपून जातो.

याउलट आपल्याकडे चार भावंडं होऊन गेली, ज्यांच्यामागे आईबाप उरले नव्हते. ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये, जेमतेम पंधराव्या वर्षी, गीतेच्या याच सहाव्या अध्यायावर भाष्य केलं. बाळपणीच सर्वज्ञता येते असं त्यांनी लिहिलं तेव्हा ते स्वतः पोरवयातच होते. ती जागा वाचताना मला दरवेळी हसू येतं आणि हात जोडावेसेही वाटतात. पण तेच ज्ञानदेव रुसून दार लावून बसले तेव्हा समजूत काढली ती सर्वांत धाकट्या मुक्ताईने, ताटीच्या अभंगांतून. चांगदेवांनी गुरू केलं तेही तिलाच. त्या घरात झांजा धरायचं काम कोणा एकाकडे नव्हतं.

पूर्वजन्म मी मानते, पण त्याचा दाखला देऊन या जन्मीच्या पोरीला मागे बसवायला माझी हरकत आहे. बुधवारी धाकट्याबरोबर थोरलीलाही पाठवा, असं मी तिच्या वडिलांना सांगितलं. फी एकाचीच द्या म्हटलं. ते “बघतो” म्हणाले, पण तिचं दहावीचं वर्ष आहे ही अडचणही त्यांनी लगेच पुढे केली.