हेड उघडण्याआधी

जुन्या स्पोर्ट्‌स गाडीचं मूळ इंजिन बांधून घ्यावं की काढून दुसरं बसवावं, हा वाद हल्ली भावना विरुद्ध व्यवहार असा लावून दिला जातो. एका बाजूला डोळे पाणावलेले रसिक आणि दुसऱ्या बाजूला रविवारी गाडी घाटात बंद पडू नये एवढीच इच्छा असलेले संसारी लोक. दोन्ही पक्षांना ही मांडणी सोयीची आहे, कारण तीत इंजिन उघडून पाहावं लागत नाही.

मूळ इंजिनाची बाजू मांडायला जग्वार इ-टाइप घेणं म्हणजे जिंकलेला खटला लढणं. तिचं सहा सिलिंडरचं एक्सके इंजिन १९४८ साली आलं आणि १९९२ पर्यंत बनत राहिलं. त्याला माझ्या वकिलीची गरज नाही. घ्यायची तर ट्रायम्फ स्टॅगची बाजू घ्यावी. (मी स्टॅगचा मालक नाही आणि होण्याची शक्यताही नाही, तेव्हा माझं यात काही अडकलेलं नाही.) ब्रिटिश लेलँडने १९७० साली ही चार जणांची, टप काढता येणारी गाडी बाजारात आणली. रूप दिलं इटलीच्या जोव्हान्नी मिकेलॉत्तींनी. आपल्याकडच्या स्टँडर्ड हेरल्डचं रूपही त्यांचंच. १९७७ पर्यंत २५,८७७ गाड्या निघाल्या. इंजिन स्वतंत्रपणे घडवलेलं, आठ सिलिंडरचं, २,९९७ सीसीचं. त्याच इंजिनाचा अर्धा भाग म्हणावा असं चार सिलिंडरचं भावंड स्वीडनच्या साबने आपल्या ९९ या गाडीत वापरलं.

हे आठ सिलिंडरचं इंजिन तापायचं, आणि तेही असं की नावच बदनाम झालं. ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमची. वॉटर पंप इंजिनाच्या माथ्यावर, दोन रांगांच्या मधल्या खोबणीत; रेडिएटरमधलं पाणी थोडं उतरलं की पंप कोरडा फिरायचा. काही ब्लॉकांमध्ये ओतकामाची वाळू तशीच राहिलेली. टायमिंग चेन लांब, सैल पडणाऱ्या. मालकांनी कंटाळून रोव्हरचं ३.५ लिटरचं व्ही-एट बसवायला सुरुवात केली, आणि तोच रिवाज झाला. ते रोव्हरही मुळात अमेरिकेतल्या ब्यूइकचं. इंग्लिश बाण्याचा अभिमान बाळगणाऱ्यांना त्याचं काही वाटलं नाही.

आता ज्या युक्तिवादाने मला हे लिहायला बसवलं त्याच्याकडे येतो. एकेक फळी बदलत सगळं नवं झालेल्या थिसियसच्या जहाजाची, ते तेच जहाज का, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, आणि ती सांगितली की आपण तत्त्वज्ञ झालो असं वाटतं. म्हणे, इंजिन बांधताना पिस्टन नवे, रिंगा नव्या, बेअरिंग नवी, चेन नवी, सिलिंडर बोअर केलेले. मग मूळ उरलं काय? सगळं बदलायचंच तर एकदाच बदला.

हा युक्तिवाद हुशार आहे आणि चुकीचा आहे. त्यात इंजिन म्हणजे भागांची गोणी असं गृहीत धरलेलं असतं. पुण्यातल्या जुन्या वाड्याची कुजलेली तुळई काढून नवी घातली तरी चौक चौकच राहतो, ऊन त्याच पायरीवर येतं. तोच वाडा पाडून सहा मजली इमारत उभी केली आणि दारावर वाड्याचं नाव कोरलं, तर पाडलेल्या वाड्याच्या सगळ्या विटा आत वापरल्या असल्या तरी तो वाडा नव्हे. टिकायचे असतात ते निर्णय. पंप वर ठेवायचा, हे कुणीतरी ठरवलं. हेडचे निम्मे स्टड उभे आणि निम्मे तिरके ठेवायचे, हेही ठरवलेलं; कॅमशाफ्ट जागेवर असतानाच हेड आवळता यावं म्हणून. बांधणीत पिस्टन नवा आला तरी मिस्त्रीला त्या ठरवणाऱ्याशी सामना करावाच लागतो. रोव्हर बसवलं की तो माणूसच गाडीतून उतरतो. जहाजवाल्यांना भाग मोजता येतात, हे निर्णय मोजता येत नाहीत, म्हणून ते नाहीतच असं ते धरून चालतात. आणि समजा उलट केलं, पन्नास वर्षांपूर्वीचं, एकही भाग न बदललेलं रोव्हर आणून बसवलं, तर? प्रत्येक भाग जुना, अस्सल. तरीही स्टॅगचं त्यात काही नाही. त्यांचं गणित इथे मोडतं.

इतर मतांना फार वेळ देत नाही. मूळ नंबराच्या इंजिनाने किंमत वाढते हे खरं आहे आणि अवांतर आहे. काढलेलं इंजिन ताडपत्रीखाली जपून ठेवू, कधीही परत बसवू, असं म्हणणाऱ्यांनी ती ताडपत्री किती वर्षांत उचलली ते सांगावं. आणि आपल्याकडे पेट्रोलच्या जीपमध्ये डिझेल इंजिनं बसली तो पोटाचा प्रश्न होता. त्याला मी नाक मुरडणार नाही.

एक आक्षेप मात्र मला छळतो. स्टॅगचं इंजिन बांधणारे चांगले कारागीरही मोठा रेडिएटर घालतात, पाणी उतरलं की वाजणारा अलार्म बसवतात. मग निर्णय बदललाच की! नाही, आणि इथे मला शब्द जपून वापरावे लागतील. ब्लॉकमधली वाळू हा कुणाचा निर्णय नव्हता, ती चूक होती. ती धुऊन काढणं म्हणजे आरेखकाच्या मनातलं इंजिन पहिल्यांदाच घडवणं. पंपाची जागा हा निर्णय होता, कदाचित वाईट. अलार्म तो निर्णय पुसत नाही, त्याला उत्तर देतो. चूक आणि निर्णय यांतली ही सीमा बाहेरून दिसत नाही. तापलेली गाडी दोन्हींमुळे सारखीच तापते. २०२१ साली आपल्या केंद्र सरकारने पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांच्या नोंदणीचे नियम केले, त्यात इंजिनातले फेरबदल आणि मोठी दुरुस्ती एकाच दावणीला बांधली आहेत. सरकारला ही सीमा दिसावी अशी अपेक्षा नव्हतीच. पण गाडीवेडे स्वतःही तीच भाषा बोलतात.

उरली ती १९८० च्या आसपास रोव्हर बसवलेली स्टॅग, जी चाळीसहून अधिक वर्षं त्याच इंजिनावर चालली आहे. तिच्यातून ते काढून ट्रायम्फचं बसवावं का? माझ्या तर्काने कदाचित हो म्हणायला हवं, पण म्हणवत नाही. तिरके स्टड गंजून ॲल्युमिनियममध्ये असे रुतायचे की हेड काढता काढता माणूस रडकुंडीला यायचा. ज्या मालकाने तीन शनिवार त्या स्टडशी झुंज दिली आणि मग हार मानून रोव्हर आणलं, त्याची आणि आरेखकाची गाठ पडलेली होती. त्याचं रोव्हर मी राहू देईन. आज फोनवर इंजिन ठरवून मग बॉनेट उघडणाऱ्याला मात्र मी एवढंच विचारेन, की हेड काढून पाहिलंस का? वाळू होती की पंप?