आंब्याच्या दिवसांतली सभा

देवगड तालुक्यातल्या गावांचं मत ज्याला खरोखर हवं असेल, त्याने 1 मे रोजी ग्रामसभा बोलावू नये. हापूस तेव्हा ऐन भरात असतो. बागायतदार आंबे उतरवायची घळ घेऊन बागेत, बायका प्रतवारी करून पेट्या भरायला बसलेल्या, आणि संध्याकाळी टेम्पो वाशीला सुटायचा असतो. 15 ऑगस्टही धड नाही. पावसाळी मासेमारीबंदी 31 जुलैला संपते, मग दर्या जरा निवला की खलाशी बंदरात सापडत नाहीत. 26 जानेवारीला मोहोरावरच्या फवारण्या. ग्रामसभेच्या रूढ तारखांपैकी उरली 2 ऑक्टोबर, तर तेव्हा भात कापणीला आलेलं असतं. साहजिकच गणपूर्ती होत नाही. कायद्याने ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, यांतली कमी असेल तेवढी लागते. सभा तहकूब होते, तहकूब सभेला गणपूर्तीचं बंधन नसतं, आणि पंधरा-वीस जणांच्या हजेरीत इतिवृत्तात लिहिलं जातं : 'ग्रामस्थांनी सर्वानुमते मंजुरी दिली.'

पाखाडी आणि गटारापुरतं हे खपून जातं. पण किनाऱ्यावर आता करमणुकीसाठी मोठा पैसा येऊ लागला आहे. निवतीच्या समुद्रात 'आयएनएस गुलदार' ही निवृत्त युद्धनौका बुडवून पाण्याखाली संग्रहालय करण्याची योजना 46 कोटींच्या पुढची आहे. त्याआधी मालवण तालुक्यातल्या तोंडवळी-वायंगणीत 'सी-वर्ल्ड' यायचं होतं, आणि त्यासाठी आधी 1,390 एकर जमीन मागितली गेली. बागा आणि घरं जातील म्हणून गावं उठली. पुढे जागेची मागणी खाली आणली, तरी प्रकल्प उभा राहिला नाही. विरोध करणाऱ्यांना विकासाचे वैरी म्हणून झालं. माझ्या मते त्यांचा मुख्य प्रश्न साधा होता : आमका कोणी इचारल्यान? जागा ठरली, रक्कम ठरली, आणि मग गावाचं मत मागितलं, तर ते मत विचारणं नसतं, होकार गोळा करणं असतं.

याच वायंगणीत गावपळण होते. आचरा, चिंदर आणि आपल्या देवगड तालुक्यातलं मुणगे इथेही होते. देवाचा कौल झाला की काही वर्षांनी एकदा अख्खं गाव गुरं-कोंबड्यांसकट वेशीबाहेर राहायला जातं. एकत्र निर्णय घेणं आणि तो पाळणं या गावांना कुणी शिकवायला नको. तरी कौलाची पद्धत मी आदर्श म्हणून पुढे करणार नाही. देव फक्त हो किंवा नाही सांगतो, आणि त्याच्यापुढे प्रश्न मांडतात ते मानकरी. सरकारी जनमत चाचणीतही नेमकं हेच होतं. 'क्रीडा संकुल हवे काय?' या प्रश्नाला 'नको' कोण म्हणेल? 'संकुल हवं की पाण्याची टाकी?' असं विचारलं की माणसं बोलू लागतात.

देवगड-जामसंडे नगरपंचायत झाली आणि इथली ग्रामसभाच संपली. 17 नगरसेवक आले. ते निवडून आलेले आहेत, तक्रार नाही. पण गाव असताना दिवाबत्तीबद्दल उभं राहून बोलायचा हक्क होता, आणि शहर झाल्यावर कोट्यवधींच्या इमारतीबद्दल बोलायला तशी जागा उरली नाही. शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद महाराष्ट्राने 2009 साली केली. ती कागदावरच राहिली. राहता राहिल्या विकास आराखड्यावरच्या हरकती आणि सूचना, 30 दिवसांत, लेखी. मुंबईत त्या वाटेने हजारो हरकती पडल्या आणि फेब्रुवारी 2015 मधला प्रारूप आराखडा एप्रिलमध्ये मागे घ्यावा लागला. पण तिथे नकाशा वाचणारे वास्तुविशारद होते, रोज छापणारी वर्तमानपत्रं होती. इथे नोटीस सूचनाफलकावर लागते आणि पहिल्या पावसात विरघळते.

उद्या इथे मोठं क्रीडा आणि सांस्कृतिक संकुल यायचं झालं, तर लोकांपुढे पहिल्यांदा काय ठेवावं? चित्र ठेवू नये. चित्रात झाडं नेहमी हिरवी असतात आणि मुलं नेहमी हसत असतात. वीजबिलाचा अंदाज ठेवावा. बांधायला पैसे शासन देतं. पंखे, मोटार, रखवालदार आणि दर दोन वर्षांनी रंग हे नगरपंचायतीच्या गळ्यात पडतं. खारा वारा आणि चार महिन्यांचा धो-धो पाऊस यांत पत्रा आणि बिजागऱ्या किती टिकतात, हे इथल्या कुठल्याही सुताराला विचारा. उन्हाळ्यात पाणीटंचाई सोसणाऱ्या शहरात तरणतलाव कशाने भरायचा, हेही त्याच कागदावर हवं.

आणि करमणूक म्हणजे इमारत, हे तरी कुणी ठरवलं? दशावताराला एक बाक, पखवाज, पेटी आणि देवळापुढचं मैदान पुरतं. रात्र उजाडेपर्यंत माणसं हलत नाहीत. उलट पावसाळ्यात कबड्डी खेळणाऱ्या मुलींना कोरडी जमीन मिळत नाही. संध्याकाळी चालायला निघणाऱ्या बायकांना स्वच्छ, उघडं असलेलं शौचालय हवं असतं. या गोष्टी सभेत कुणी माइकवर सांगत नाही. बचतगटाच्या बैठकीत, मासळीच्या लिलावाला, बागेत राखणीला राहिलेल्या नेपाळी कुटुंबाच्या खोपीत जाऊन त्या ऐकाव्या लागतात. जूनच्या मध्यावर आंबा संपलेला असतो, होड्या किनाऱ्याला असतात आणि लावणी सुरू व्हायची असते. तो पंधरवडा मोकळा सापडतो. गणपतीत चाकरमानीही येतात. त्यांनाही विचारावं, घरपट्टी तेही भरतात. मात्र त्यांच्या दहा दिवसांसाठी सभागृहाच्या खुर्च्या किती ते ठरवू नये.

पण नुसतं विचारून भागत नाही. पुणे महापालिका 2006 पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवते. अशा मागण्यांत अर्ज भरणं सोपं असतं, अर्जाचं काय झालं ते कळणं अवघड. म्हणून लोकांनी काय सांगितलं, त्यातलं काय घेतलं आणि काय का घेतलं नाही, याचा मराठीतला एक पानी कागद देवगड आणि जामसंड्याच्या एसटी थांब्यांवर लागावा, तोही निविदा निघण्याआधी. यावर ठरलेलं उत्तर येतं : एवढा वेळ कुठे आहे, निधी मार्चआधी खर्ची पडला पाहिजे. ते उत्तर खोटं नसतं. मग यंदाच्या मार्चचा निधी मुलींच्या कबड्डीच्या छपराला लावावा, आणि संकुलाचा विषय पुढच्या जूनमध्ये घ्यावा.