नियम पाळणें आणि वीण ओळखणें

शिकणाऱ्यानें आधीं नियम पाळावा कीं आधीं समजून घ्यावें, हा प्रश्न फार जुना आहे. पाढे पाठ करवून घेणाऱ्या शिक्षकापासून मुलीला भाकर थापावयास शिकविणाऱ्या आईपर्यंत सर्वांपुढें तो उभा राहतो. मोठमोठ्या ग्रंथांतून त्याची चर्चा झाली आहे; परंतु आज आपण एका लहानशा कामाच्या आधारानें त्याचा विचार करूं. तें काम म्हणजे दोन सुयांवर लोकरीची एक साधी, दाणेदार वीण विणावयास शिकणें.

ही वीण पुष्कळ भगिनींच्या ओळखीची असेल. तिला साबुदाण्याची वीण म्हणतात, कारण विणलेल्या कापडावर साबुदाणा पसरल्यासारखे बारीक दाणे उठतात. नुसत्या सुलट बाजूचें साधें विणकाम कडांना गुंडाळतें. ही वीण मात्र सपाट राहते, आणि तिच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. म्हणून गळपट्ट्याला, मुलाच्या टोपड्याला किंवा अंगड्याच्या कांठाला ती फार सोयीची पडते.

विणकामाचे मूळ टाके दोनच: सुलट व उलट. सुलट टाका घेतांना लोकर सुईच्या मागें ठेवावयाची, उलट टाका घेतांना ती पुढें आणावयाची. परंतु नीट पाहिलें तर हे दोन टाके दोन नव्हेतच. एकच फांसा समोरून पाहिला म्हणजे सुलट, आणि मागून पाहिला म्हणजे उलट. ही गोष्ट इतकी उघड असूनहि ती हस्तगत होण्यास काळ लागला. मिसर देशांत सांपडलेल्या सुती विणकामाच्या फार जुन्या तुकड्यांत सुलट टाक्यांचेंच काम दिसतें. उलट टाक्याचे जे अगदीं जुने नमुने आज ठाऊक आहेत, ते सोळाव्या शतकाच्या मध्याचे. फ्लॉरेन्सची डचेस एलेओनोरा १५६२ सालीं मरण पावली. तिला ज्या तांबड्या रेशमी मोज्यांसह पुरलें, त्यांची गणना ह्या नमुन्यांत होते. कापडाची पाठ विणणाऱ्याच्या हातांत रोजच होती; पण हातांत असणें निराळें आणि दिसणें निराळें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. शिकविणारी बाई नवशिक्या मुलीला सोपा नियम सांगते: "सुईवर २१ टाके घाल. प्रत्येक ओळींत एक सुलट, एक उलट, असें विणीत जा. ओळ सुलट टाक्यानें सुरू कर. ती सुलट टाक्यावरच संपेल." मुलगी मनांत "सुलट, उलट, सुलट, उलट" असें म्हणत विणूं लागते. टाके विषम असल्यामुळें प्रत्येक ओळ जागच्या जागीं बसते, आणि हळूहळू दाणे उठतात. मुलीला आनंद होतो. वीण आपणांस आली असें तिला वाटतें.

मग एके दिवशीं उलट टाक्यानंतर लोकर मागें न्यावयास ती विसरते. लोकर सुईवरून जाते आणि एक जास्तीचा फांसा तयार होतो. २१ चे २२ टाके झाले. मुलगी ओळ पुन्हां सुलट टाक्यानें सुरू करते, पण आतां ती उलट टाक्यावर संपते; आणि पुढच्या ओळींत सुलटाच्या डोक्यावर सुलट व उलटाच्या डोक्यावर उलट येऊं लागतो. दाणे नाहींसे होतात, आणि कापडावर उभ्या पट्ट्या उमटतात. ह्या पट्ट्या कांहीं वाईट नव्हेत. त्या ताणल्या जातात, म्हणून मनगटाला व कमरेला मुद्दाम विणतात. पण येथें त्या नको होत्या. मुलगी काम घेऊन येते आणि म्हणते, "बाई, मीं तर तुम्हीं सांगितलें तसेंच केलें." आणि तें खरेंच असतें. लोकर मागें नेण्याचें ती एकदांच विसरली. त्यानंतरचा प्रत्येक टाका तिनें नियमाप्रमाणें घातला आहे. जितकी ती नियमाला धरून राहिली, तितकें तिचें काम बिघडत गेलें.

ह्या मुलीला काय म्हणावें? तिला आळशी किंवा अवज्ञा करणारी म्हणतां येत नाहीं. तिच्या आज्ञापालनानें ती दोषांतून सुटली. परंतु चुकींतून सुटली नाहीं. दोषांतून सुटणें आणि चुकींतून सुटणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें आपण पुष्कळदां विसरतों.

ज्या बाईला वीण ओळखतां येते, ती टाके मोजीत बसत नाहीं. ती सुईखालीं पाहते. ज्या फांशाच्या गळ्याशीं मण्यासारखा दाणा आहे, तो उलट. ज्याचे दोन पाय गव्हाच्या ओंबींतील दाण्यांसारखे खालीं एकत्र येतात, तो सुलट. तिचा नियम एवढाच: दाण्यावर सुलट, सपाटावर उलट. मग टाके २१ असोत, २२ असोत कीं १०० असोत, तिची वीण बिघडत नाहीं. इतकेंच नव्हे, तर नांवांच्या घोटाळ्यानेंहि ती फसत नाहीं. इंग्लंडांत ह्याच विणीला मॉस, म्हणजे शेवाळ, म्हणतात, व अमेरिकेंत सीड, म्हणजे बीं, म्हणतात. आणि अमेरिकेंत मॉस म्हटलें कीं दोन ओळी सारख्या विणून मग टाके बदलण्याची निराळीच वीण समजतात. केवळ नांवावर चालणारा येथें चुकेल; कापड पाहणारा चुकणार नाहीं.

कोणी म्हणेल, "दाण्यावर सुलट, सपाटावर उलट, हाहि एक नियमच झाला, तोहि पाठ करतां येईल." आक्षेप खरा आहे. परंतु ह्या दोन नियमांत मोठा भेद आहे. पहिला नियम डोळे मिटूनहि पाळतां येतो; दुसरा नियम प्रत्येक टाक्याला पाहावयास लावतो. शिवाय, कोणताहि नियम आपला उपयोग कोठें व कसा करावा हें स्वतः सांगत नाहीं. तें सांगण्यास दुसरा नियम आणावा, तर त्याच्यासाठीं तिसरा हवा. अशानें सुई कधींच चालणार नाहीं. गिल्बर्ट राइल ह्या इंग्रज तत्त्ववेत्त्यानें १९४९ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत हाच मुद्दा मांडला आहे. एखादी गोष्ट अशी आहे हें ठाऊक असणें, आणि ती करतां येणें, ह्या ज्ञानाच्या दोन जाती आहेत. पहिली कितीहि वाढविली तरी तिची दुसरी होत नाहीं.

मग नियम टाकून द्यावा काय? मुळींच नाहीं. पहिल्या दिवशीं नवशिक्या मुलीला सुईवर दाणा दिसत नाहीं व सपाटहि दिसत नाहीं. तिला केवळ गुंता दिसतो. तिला "पाहा" म्हणणें म्हणजे अक्षरओळख नसलेल्याला "वाच" म्हणण्यासारखें आहे. आधीं "सुलट, उलट" म्हणत चार बोटें कापड झालें, तरच त्यांत पाहण्यासारखें कांहीं असतें. जो नियमाला कंटाळून "माझें मी पाहून घेईन" म्हणतो, त्याच्या हातीं पाहावयासहि कांहीं उरत नाहीं. नियम हा लहान मुलाच्या पांगुळगाड्यासारखा आहे. चालावयास शिकेपर्यंत तो हवाच. परंतु जन्मभर तोच धरून चालणाऱ्याला आपण धडधाकट म्हणत नाहीं.

येथें शिकविणाऱ्याचें कर्तव्य उघड होतें, आणि खरी परीक्षा त्याचीच आहे. मुलगी बिघडलेलें काम घेऊन आली म्हणजे बाईनें सुया हातांत घेऊन दोन मिनिटांत तें नीट करून द्यावें, हें सोपें आहे, आणि तें दयेचेंहि दिसतें. मुलगी उपकार मानते, आणि बाईलाहि आपली गरज आहे असें पाहून बरें वाटतें. परंतु पुढच्या आठवड्यांत मुलगी पुन्हां येते, त्याच्या पुढच्या आठवड्यांतहि येते. अशा दयेनें शिष्य कायमचा लहान राहतो. थंडी तोंडावर आली असेल आणि घरांत तान्ह्या बाळाला टोपडें नसेल, तर बाईनें तें खुशाल नीट करून द्यावें. तेथें धडा देत बसणें निष्ठुरपणाचें होईल. एरवीं मात्र तिनें कापड मुलीच्याच हातीं ठेवून विचारावें, "दाणे कोणत्या ओळीपासून गेले, तें मला दाखव पाहूं." ती ओळ सांपडेपर्यंत थांबणें हें शिकविणाऱ्याचें कठीण काम आहे. इंग्लंडांत जन्मून पुढें अमेरिकेंत राहिलेल्या एलिझाबेथ झिमरमन ह्या बाईंनीं १९७१ सालीं विणकामावर एक पुस्तक लिहिलें. छापील कृतीचें दास्य न करितां विणणारीनें आपल्या कामाची मालकीण व्हावें, हा त्यांच्या शिकवणुकीचा गाभा होता.

वाचकहो, आपल्यांपैकीं पुष्कळांवर कोणाला तरी कांहीं शिकविण्याचा भार आहे: मुलाला वाचन, सुनेला घरकाम, गड्याला पेरणी, मंडळींतल्या नव्या माणसाला चांगली वागणूक. आपण नियम दिला, त्यानें तो पाठ केला, एवढ्यानें आपलें काम संपलें असें समजूं नये. जो केवळ सांगितल्याप्रमाणें करितो, तो काम बिघडलें म्हणजे सांगणाऱ्याकडे बोट दाखवील, आणि तसें करण्यास त्याला अधिकार आहे. ज्याला वीण दिसते, तोच आपल्या कापडाबद्दल स्वतः जबाब देऊं शकतो. शिष्यानें आपल्याला न विचारतां चुकलेली ओळ शोधावी, फांसे नीट उसवावे आणि पुन्हां विणूं लागावें, असा दिवस यावा म्हणूनच शिकवावयाचें असतें. तो दिवस आला म्हणजे, आपली गरज संपली म्हणून वाईट न वाटूं देतां, त्याचा आनंद मानावा.