मुलाला धमकी आली असता ख्रिस्ती आईबापांनी काय करावे?

कपाशीच्या वेचणीचे दिवस आले म्हणजे अमरावती व अकोला जिल्ह्यांतील आपल्या मंडळ्यांतले पुष्कळ आईबाप भल्या पहाटे वावरात जातात, आणि मुले आपली आपणच शाळेची वाट धरितात. असे समजा की, अशाच एका घरचा सहाव्या इयत्तेतला मुलगा रोज सकाळी पोट दुखते म्हणून निजून राहू लागला. औषधाने गुण येईना. रविवारी मात्र त्याचे पोट मुळीच दुखत नसे. शेवटी एके रात्री आईने जवळ घेऊन विचारले, तेव्हा कळले की वर्गातील एका मुलाने, "वाटेत गाठून विहिरीत लोटीन, घरी सांगशील तर पाहा," असा दम दिला आहे. आता बापाने काय करावे?

दोन उत्तरे सहज सुचतात. एक, काठी घेऊन त्या मुलाचे दार गाठावे. दुसरे, मुलास सांगावे की, आपण ख्रिस्ताचे लोक आहो, दुसरा गाल पुढे कर आणि गप्प बैस. पहिले उत्तर चुकीचे आहे हे आपण सर्व जाणतो. दुसऱ्यात सत्याचा अंश आहे, म्हणूनच त्याची परीक्षा अधिक बारकाईने केली पाहिजे.

मत्तय ५:३९ येथील आज्ञा ज्याला मार बसला त्याला आहे. आपल्यावरचा अन्याय आपण सोसणे ही क्षमा होय. परंतु दुसऱ्यावरचा अन्याय त्यालाच सोसावयास लावणे ह्याला क्षमा म्हणता येत नाही. लेकराचा गाल बापाच्या मालकीचा नाही. लांडगा येताना पाहून कोकरास सहनशीलतेचा उपदेश करणारा मेंढपाळ हा मोलकरीच होय. शिवाय हन्नाच्या वाड्यात शिपायाने चपराक मारिली तेव्हा प्रभूने उलट हात उगारिला नाही, पण तो मुकाही राहिला नाही; माझे काय चुकले, आणि चुकले नसेल तर का मारितोस, असे त्याने विचारिले (योहान १८:२३). अन्याय बोलून दाखविणे हे सूड घेणे नव्हे.

येथे आपण आपले अंतःकरणही तपासू या. दम देणारा मुलगा कदाचित ज्याच्या वावरात आपण मजुरीस जातो त्याचाच असेल. बोललो तर काम जाईल, ही धास्ती खोटी नाही, आणि तिची कोणी थट्टा करू नये. पण त्या धास्तीपायी मुलास गप्प बसविले, तर त्या भीतीला क्षमा हे पवित्र नाव तरी देऊ नये. अशा वेळी मजुराने एकटे जाऊ नये. उपदेशक व मंडळीतील एक वडील मनुष्य ह्यांनी त्याच्याबरोबर जावे. मंडळी ह्यासाठीच आहे.

प्रेषितांच्या कृत्यांच्या तेविसाव्या अध्यायात एक सुंदर उदाहरण आहे. चाळिसांहून अधिक माणसांनी पौलास ठार मारण्याची शपथ वाहिली. ते पौलाच्या भाच्याने ऐकिले व मामास सांगितले. पौलाने त्याला वेडगळ म्हटले नाही, की स्वस्थ प्रार्थना कर असेही सांगितले नाही. त्याने त्याला सरदाराकडे पाठविले. सरदाराने त्याचा हात धरून एकीकडे नेले व सारे ऐकून घेतले, आणि त्याच रात्री पौलाच्या रक्षणाची तजवीज केली. मुलाचे म्हणणे कसे ऐकावे हे त्या परराष्ट्रीय सरदाराकडून आपण शिकावे.

तर मग प्रथम मुलाचे ऐका, आणि तू आधी का सांगितले नाहीस असे म्हणून त्याला रागावू नका. कोण, कोठे, केव्हा, काय बोलला हे लिहून ठेवा. धमकी मोबाइलवर आली असेल तर ती पुसू नका. काही दिवस कोणीतरी त्याच्याबरोबर शाळेपर्यंत जावे. मग वर्गशिक्षक व मुख्याध्यापक ह्यांना लेखी अर्ज द्यावा व त्याची नक्कल जवळ ठेवावी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी व जिल्हा परिषदेच्या शाळांत व्यवस्थापन समिती असते व तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. तेथेही गाऱ्हाणे मांडता येते. संकटात १०९८ ह्या क्रमांकावर फुकट दूरध्वनी करता येतो. ही सेवा १९९६ साली मुंबईत सुरू झाली. जिवाला धोका दिसला तर पोलिसांकडे जाण्यास संकोच करू नये. पौलानेही आपल्या रोमी नागरिकत्वाचा हक्क सांगितला होता.

परंतु, बंधुभगिनींनो, दम देणारा हाही कोणाचे तरी लेकरूच आहे. त्याचे नाव शाळेतून काढा असा हट्ट धरू नये; आठवी पुरी होईपर्यंत कोणाही बालकास शाळेतून काढता येत नाही, असे त्याच कायद्याचे सोळावे कलम सांगते, आणि ते योग्यच आहे. ज्याला घरी रोज दरडावले जाते तो पुष्कळदा शाळेत दुसऱ्यास दरडावितो. म्हणून शिक्षकांच्या समक्ष त्याच्या आईबापांशी शांतपणे बोलावे. आणि दम देणारा आपलाच मुलगा निघाला तर? तेव्हा सबबी न सांगता त्याला घेऊन त्या दुसऱ्या घरी जाण्याचे धैर्य आपल्याला आहे काय? हा प्रश्न प्रत्येक घराने आधीच विचारून ठेवावा.

संध्याकाळच्या कौटुंबिक उपासनेत आपल्या मुलासाठी प्रार्थना करा, आणि त्या दुसऱ्या मुलाचेही नाव घ्या. मात्र सकाळी उठून शाळेत जा व मुख्याध्यापकांना भेटा. प्रार्थना व हे जाणे ही एकाच प्रीतीची दोन कामे आहेत.